धनवंताची दवाई

चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी खाली धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना जातं, वर टोल्यावरच्या वस्तीकडे चढत नाही. म्हणून खालच्या गावाला दोनदा धान, वरच्या टोल्याला एकदा धान आणि बाकीचं जंगल, अशी वाटणी फार आधीपासून झालेली आहे. ती कुणी केली ते विचारायला जाऊ नये. त्या टोल्यावर, अगदी जंगलाच्या अंगाला, धनवंताचं घर. बाई ठेंगणी, आवाज दांडगा. तिनं आपल्या कोंबड्यांना हाक मारली की खालच्या गावातल्या कोंबड्याही माना वर करतात, असं तिचा नवरा झाडू म्हणायचा. तो स्वतः फार बोलत नसे. घरात बोलायला जागाच उरली नसेल तर माणूस तरी काय करील.

धनवंताच्या कोंबडीला टोल्यात मान होता. सोयरे आले, देवाचं काही निघालं, बाळंतीण घरी आली, की लोक तिच्याच दारी यायचे. तिच्या कोंबडीचं मांस शिजताना गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी सोडत नसे, हाडाला धरून राही. रस्स्यावर पिवळी तर्री येई ती हळदीची नव्हे, कोंबडीच्या अंगची. शेजारच्या मंदाबाईच्या जिभेला हाड नाही, पण तीही म्हणायची, "बाजारची पांढरी कोंबडी म्हंजे ओला कापूस व बाई. धनवंताची खाल्ली का दुसऱ्या दिवशी जबडा आठवन काढते."

हे सगळं कशानं, तर दवाईनं. धनवंता रोज सकाळी कनकीत, म्हणजे गिरणीवरच्या तुकडा तांदळात, दवाई कालवून कोंबड्यांपुढे ठेवायची.

आता इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं सगळं वाया. शहरात दवाई म्हणजे दुकानातली. टोल्यात तसं नाही. दुकानातली ती गोळी. डॉक्टर टोचतो ती सुई. आणि घरच्या बाईनं जंगलातून, बांधावरून आणून, वाळवून, कुटून दिलेली ती दवाई. गोळी कुणीही देतं, अगदी किराणावालाही. दवाई द्यायला हात लागतो. धनवंताला तो हात तिच्या सासूनं, रुख्मानं दिला होता.

रुख्माचा नियम कडक. पावसाळा सरता सरता पहाटेचं निघायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. रोपापुढे चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि मग उपटायचं. आणि नाव घ्यायचं नाही. देणाऱ्याच्या तोंडून नाव निघालं की गुण जातो. गंमत अशी, की ते रोप काही लपून बसलेलं नाही. बांधावर उगवतं, ताप आला की अख्खा टोला त्याचाच काढा पितो आणि तोंड वाकडं करून त्याला नावानिशी शिव्या देतो. पिणाऱ्यानं नाव घेतलं तर चालतं. देणाऱ्यानं घ्यायचं नाही. धनवंता या घरात आली तेव्हा रुख्मानं तिला लगेच काही दाखवलं नाही. पोरगी घराची झाली, माहेराला जाऊन परत यायची घाई करू लागली, तेव्हा एका पहाटे सासूनं तिला मागं मागं चालवत नेलं आणि तोंडातून शब्द न काढता एकेका रोपाला हात लावला. झालं. एवढंच शिकवणं.

तसंच धनवंताला आपल्या सुनेला, दिव्याला दाखवायचं होतं. दिव्या सून म्हणून परकी नव्हती, सख्ख्या भावाचीच पोर. मामाची मुलगी भाच्याला, ही तर त्यांच्यातली जुनीच रीत. त्यामुळे ती सासूला आत्याच म्हणायची. पण दाखवायचं कधी? मुलगा नीलेश आणि दिव्या दोघंही हैदराबादला इमारतीच्या कामावर. होळीला यायचे आणि मोहफुलं वेचून संपायच्या आत परत जायचे. पावसाळा सरताना घरी कुणी नसायचं. धनवंता दर वर्षी एकटीच जंगलात जायची. मागं कुणाचं पाऊल वाजत नाही हे तिला फार लागायचं. पण बोलणार कुणाला? वाटेत तर बोलायचं नसतं, आणि घरी झाडू. त्याला सांगितलं तर तो म्हणायचा, "बरं."

मग उमेंद्र आला. उमेंद्र खालच्या गावचा, पोवार समाजातला पोरगा, तिरोड्याला कॉलेज शिकलेला. नागपूरच्या एका कंपनीसाठी तो गावोगावी शेड लावून देत होता. पिल्लं कंपनीची, वाढवायची आपण, मोठी झाली की कंपनीची गाडी येऊन उचलणार. अट एकच.

"गोळी नाई, सुई नाई," उमेंद्र ओट्यावर बसून सांगत होता. "पान्यात पुडी घोळून पाजनं नाई. शहरातले लोक तशी कोंबडी धुंडून राहिले, काकी. सगळ्यायच्या पोटात आता गोळ्याच गोळ्या झाल्या ना."

"म्हंजे माह्यावानी कोंबडी," धनवंता म्हणाली.

"तुह्यावानीच. खोटं नाई बोलत, कंपनीच्या मॅडमले मी तुह्याच घरची खाऊ घातली. तवा त त्यायनं हो म्हटलं."

एवढं ऐकलं आणि धनवंताला खालचं गाव, वरचा टोला असं काही उरलं नाही. तिनं त्याच दिवशी उमेंद्रकडून नीलेशला फोन लावून घेतला. नीलेश येतो म्हणाला, पण एका बोलीवर. जमलं तर राहीन, नाही जमलं तर ठेकेदार जागा धरून आहे. दिव्या आली ती आपली पेटी घेऊन आली. पिशवी घेऊन येणं वेगळं आणि पेटी घेऊन येणं वेगळं. धनवंतानं ती पेटी पाहिली आणि आतल्या खोलीत, कोठीच्या बाजूला जागा करून दिली.

शेड उभी राहिली. बांबू, टिना, खाली गिरणीतून आणलेलं धानाचं तूस. पिल्लं आली, पिवळी, तांबूस, काळसर, ओंजळीत मावणारी. कंपनीचा डॉक्टर येऊन त्यांच्या डोळ्यांत थेंब घालून गेला. मानमोडीचा रोग येऊ नये म्हणून. तो थेंब चालतो म्हणे, कारण तो आधी घालायचा असतो, आजार आल्यावर नाही. बाकी सगळं नीलेशच्या हाती. फक्त सकाळची कनकी धनवंताच्या हातची, दवाई कालवून.

खालच्या गावात पिल्लं शिंकत होती, टोल्यावरची दाणे टिपत होती. गाडी आली, घेऊन गेली, परत पिल्लं आली. उमेंद्र सांगत यायचा की नागपुरात तुमच्या शेडच्या मालाची वेगळी विचारणा होते. बर्फात ठेवलं तरी मांस पाणी सोडत नाही, तिसऱ्या दिवशीही वास मारत नाही. मग हळूच विचारायचा, "काकी, टाकतेस तरी का तू त्याच्यात?"

"माया टाकतो," धनवंता म्हणायची.

"मायेचं नाव सांग ना मंग."

"नाव सांगतलं का माया जाते." आणि स्वतःच मोठ्यानं हसायची. उमेंद्रही हसायचा. पण विचारायचं सोडत नसे.

खालच्या गावातल्या दुधरामची तऱ्हा निराळी. त्याच्या गोठ्यात, गुरांच्या ढेपेच्या पोत्यामागं, दुकानातल्या पुड्या असायच्या. पिल्लू शिंकलं की पाण्यात पुडी. गाडी यायच्या काही दिवस आधी पाजणं बंद करायचं, म्हणजे मांसात काही सापडत नाही. हे साऱ्या गावाला ठाऊक, उमेंद्रलाही. पण शेड रिकामी पडली तर उमेंद्रचंही कमी होणार. तेव्हा ज्याची त्याची झाकलेली बरी.

एक दिवस नागपूरहून मॅडम आली. प्रेरणा नाव. पोरगी चांगली होती, हे आधी सांगून ठेवावं. चपला बाहेर काढून आली, ओट्यावर मांडी घालून बसली, पाणी दिलं ते प्याली. नीलेश तूस आणायला गिरणीवर गेलेला, दिव्या आत चहा ठेवत होती. ओट्यावर धनवंता, मॅडम आणि खांबाला टेकून उभा उमेंद्र. मॅडमच्या हातात मोबाईल. प्रत्येक घरी तेच प्रश्न विचारायचे आणि हो की नाही यावर बोट लावायचं. दुधरामच्या घरचं आटोपून आली होती. तिथं त्यानं छातीवर हात ठेवून सगळ्याला नाही म्हटलं होतं.

"काकू, पक्ष्यांना प्रतिजैविक किंवा इतर कुठले औषधोपचार करता का?"

धनवंतानं उमेंद्रकडे पाहिलं. मॅडमच्या लक्षात आलं की बाईला आपलं बोलणं समजलं नाही. इतक्या वर्षांत कुणी अधिकाऱ्यानं टोल्यावर येऊन आपला शब्द बदलला नव्हता. ही मात्र पुढे वाकली आणि सोपं करून म्हणाली, "दवाई, काकू. दवाई देता का?"

धनवंताचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. अखेर कुणीतरी बरोबर विचारलं.

"देतो ना! रोज देतो. एक दिस चुकवत नाई. म्हनून त त्यायचं अंग असं हाये!"

मॅडमचं बोट वरच्या वर थांबलं. "रोज?"

"रोज, बाई. सकारी, कनकीत."

"कोणती दवाई?"

"ते नाई सांगत आमी."

"म्हणजे? नाव काय तिचं?"

"नावच त नाई सांगत. सांगतलं का गुन जाते."

मॅडमनं मान वळवून खांबाकडे पाहिलं. "उमेंद्र, काय म्हणतायत त्या?"

उमेंद्र याच मुलखात वाढला. त्याच्या स्वतःच्या आजीनं त्याला तापात दवाई पाजलेली. गोळी काय आणि दवाई काय, हे त्याला समजावून द्यायची गरज नव्हती. त्यानं तलावाकडे पाहिलं. पाण्यावर बगळे बसले होते, ते जणू आजच आले असावेत असं पाहिलं. मग म्हणाला, "तसंच बोलतात इकडचे लोक, मॅडम."

बस. एवढंच बोलला.

मॅडमनं हो वर बोट लावलं. तिचं तोंड उतरलं होतं, पण ती उठून काही वाईट बोलली नाही. चहा घेतला, चांगला झाला म्हणाली. जाताना धनवंतानं तिच्या गाडीत छपरावरचा कोहळा ठेवला. संध्याकाळी नीलेशला मोठ्या कौतुकानं सांगितलं, की शहराची पोरगी, पण आपली बोली बोलते.

गाडी यायच्या दिवशी गाडी आली. खालच्या गावात आली, दुधरामच्या शेडवर थांबली, भरली आणि तिथूनच वळून गेली. नीलेश रस्त्यावर उभा होता. त्यानं उमेंद्रला फोन लावला, ऐकला, आणि घरी आला तो दारातूनच ओरडत आला.

"काऊन म्हटलंस तू दवाई देतो म्हून? काऊन?"

"मंग देत नाई का?" धनवंताला काही कळेना. "बाईनं विचारलं, मी सांगतलं. खोटं बोलू?"

"अवं माय, त्यायची दवाई म्हंजे गोळी! तू गोळी देतो म्हटलंस त्यायले! आपलं नाव कटलं!"

"गोळी कुठं देतो मी? दवाई देतो."

"त्याले दवाई नाई बोलत!"

"मंग का बोलतेत?"

नीलेशनं मोबाईल काढला.  

त्यानं मॅडमला फोन केला. गोळी नाही, जंगलाचं काहीतरी आहे म्हणाला. मॅडम म्हणाली, तसं असेल तर चांगलंच आहे, पण काय आहे त्याचं नाव हवं. नाव नसलेली गोष्ट पोटात गेलेली कोंबडी आम्ही लोकांना कशी खाऊ घालणार? नीलेशनं अंदाजानं दोन-तीन नावं सांगून पाहिली. मॅडम म्हणाली, अंदाज नको, जो स्वतः देतो त्यानंच सांगायचं, असा नियम आहे.

नियमाला नियम भेटला. इकडे देणाऱ्यानं सांगायचं नाही, तिकडे देणाऱ्यानंच सांगायचं. मधे नीलेश.

"सांग ना व माय," तो म्हणाला. "का होते सांगतलं त?"

"तुह्या आजीनं नाई सांगतलं. तिच्या सासूनं नाई सांगतलं."

"त्यायच्या शेडी होत्या का?"

 धनवंता उठून चुलीपाशी गेली.

कोंबड्यांना मात्र नियम समजत नाही. त्या खात राहिल्या, वाढत राहिल्या, शेड अपुरी पडू लागली. शेवटी तिरोड्याच्या बाजारात न्याव्या लागल्या. धनवंता सोबत गेली. व्यापाऱ्यानं एक कोंबडी पायाला धरून उचलली, वजन पाहिलं आणि पांढऱ्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यात फेकली.

"दादा, ह्या अलग आहेत," धनवंता म्हणाली. "ह्या घरच्या. गोळी नाई, सुई नाई."

"बाई, सब यही बोलते हैं," तो म्हणाला. "कोंबडी ती कोंबडी. सरका बाजूला."

तिच्या तांबड्या, काळ्या, ठिपक्याठिपक्यांच्या कोंबड्या त्या पांढऱ्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. परतीच्या वाटेत तिनं एक शब्द काढला नाही. जंगलात जातानाची सवय कामी आली.

घरी पोचल्यावर नीलेश मागच्या अंगणात जाऊन फोनवर बोलत होता. हिंदीत बोलत होता, म्हणजे ठेकेदार. दिव्या आतून आपली पेटी पुसत होती. धनवंतानं विचारलं नाही, तरी दिव्याच म्हणाली, "आत्या, मले नाई जायचं व. पन हे जातो म्हनतात. मी एकटी राहून का करू?"

"कई जाता?"

"ठेकेदार सांगेल तई."

झाडू ओट्यावर बसून दोरी वळत होता. त्यानं मान वर केली नाही. पण त्या दिवशी तो "बरं" म्हणाला नाही, हेही धनवंताच्या ध्यानात आलं.

ती दारात उभी राहिली. पावसाळा सरत आला होता. बांधावर गवत गुडघ्याला लागत होतं, आणि त्या गवतात जे उभं होतं ते तिला इथूनही दिसत होतं. या वर्षी तिच्या मागं दिव्या चालणार होती. आता गुण राखला तर दाखवायला माणूस राहत नाही, आणि माणूस राखला तर दाखवायला काही उरत नाही. असला पेच रुख्माला पडला नव्हता. रुख्माच्या वेळी लोक जिथं जन्मले तिथं मरत होते. त्याचं सुख होतं असं नाही, पण पेच नव्हता.

"चाल," ती नीलेशला म्हणाली. "उमेंद्रकडे चाल. दिव्या, तू बी चाल."

उमेंद्रचं दुकान तिरोड्याच्या रस्त्याला होतं, दाण्याच्या पोत्यांनी भरलेलं. त्यानं काकीला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"तू तेथीच होतास, बाबू," ती म्हणाली. "खांबाले टेकून. तुले मालूम होतं दवाई म्हंजे का. तुह्या तोंडाले का झालतं?"

"बोललो असतो त मॅडम मलेच म्हनली असती, तुले ठाऊक होतं त आतापर्यंत सांगतलं काऊन नाई. माह्यावर आलं असतं, काकी."

"आनि दुधरामचं मालूम आहे ते? ते कुनावर येते?"

उमेंद्रनं पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. बांधलेलंच होतं, ते सोडून परत बांधलं. "झालं ते झालं. आता नाव सांगून टाक. मी फोन लावतो, मॅडमपुढं सांग. तुही शेड परत चालू."

तेव्हा तिला ते दिसलं. इतके दिवस हसत हसत विचारत होता, त्या हसण्याच्या खालचं दिसलं.

"तुले नावच पायजे होतं," ती म्हणाली.

 उमेंद्रनं फोन लावला आणि टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "हॅलो," म्हणून मॅडमचा आवाज आला. गोड आवाज. "बोला काकू, ऐकतेय मी."

धनवंतानं दिव्याकडे पाहिलं. दिव्या दाराशी उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. हिला एका पहाटे मागं चालवायचं होतं. हिनं दवातून पाय ओले करत यायचं होतं. ते सोडून ही पोत्यांच्या दुकानात उभी होती, आणि बाहेर ट्रक चालले होते.

"भुईनीम," धनवंता म्हणाली.

आवाज तिचा नव्हताच. ज्या बाईची हाक खालच्या गावात जायची, तिचा शब्द टेबलापर्यंत पोचेना.

"काय? जरा मोठ्यानं, काकू."

"भुईनीम."

"बरं. आणि?"

"लसून. हरद. शेवग्याचा पाला, सावलीत वारवून."

"अजून काही?"

अजून एक होतं. ते रुख्मानं सगळ्यात शेवटी दाखवलं होतं, आणि त्याला हात लावताना म्हातारीचा हात थांबला होता. धनवंताही थांबली. नीलेशनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तेही सांगितलं.

पलीकडं मॅडम हसली. वाईट नव्हे, सुटका झाल्यासारखी हसली. "अहो काकू, एवढंच? ही काही दवाई नाही! हे तर नैसर्गिक पूरक खाद्य झालं. आम्हाला हवंच आहे हे. आधीच सांगितलं असतं तर एवढं झालंच नसतं ना!"

"एवढंच," धनवंता म्हणाली. फोन बंद झाला होता.

नाव परत लागलं. पिल्लं आली. नीलेशनं ठेकेदाराला येत नाही म्हणून कळवलं, आणि दिव्याची पेटी कोठीच्या बाजूला होती तिथंच राहिली. जे मागितलं होतं ते सगळं मिळालं, आणि वर कंपनीनं न मागितलेलंही पाठवलं. ते म्हणजे पुडे. चकचकीत पुडे, वर कोंबड्याचं चित्र, आत हिरवट भुकटी. नीलेशनं एक फोडला आणि घरभर तोच वास सुटला. आता सगळ्या शेडींत हाच पुडा वापरायचा, उमेंद्रच्या दुकानातून न्यायचा. घरचं काही कालवायचं नाही. सगळीकडचं मांस एकसारखं लागलं पाहिजे, एकाची चव वर आणि एकाची खाली असं बाजारात चालत नाही, असं उमेंद्रनं समजावून सांगितलं. धनवंतानं कुटून ठेवलेल्या दवाईचं मडकं पाहून तो म्हणाला, "ते शेडमंधी नेऊ नको, काकी. कोनी पाहिलं त बाहेरचं टाकतेस म्हनतील."

"बाहेरचं," धनवंता म्हणाली.

"म्हंजे, पुड्याच्या बाहेरचं."

शेडच्या दाराशी चुन्याची फक्की पडली. पाय बुडवून आत जायचं, आणि तेही ज्याची नोंद आहे त्यानंच. नोंद नीलेशची. धनवंता जाळीबाहेर उभी राहायची. आतून पिल्लं तिच्या आवाजाकडे धावत यायची आणि जाळीला चोची मारायची.

एका सकाळी दिव्या अंगण झाडता झाडता थांबली. "आत्या, औंदा मले दाखवाले नेनार होती ना तू?"

"का दाखवू?" धनवंता म्हणाली. "आयकलंस ना दुकानात."

"आयकनं अलग राहते."

धनवंतानं तिच्याकडे पाहिलं. पोरगी समजूतदार होती, म्हणूनच जास्त लागलं. "बांधावर चाल त मंग," ती म्हणाली. दोघी गेल्या. बांध भुंडा झाला होता. कंपनी ओल्या पाल्याची पोती घेते हे कळल्यापासून खालच्या गावच्या बायका विळे घेऊन येत होत्या. मुळासकट उपटून नेलं होतं, तांदूळ ठेवण्याइतकीही जागा सोडली नव्हती.  दोघी तशाच परत आल्या.

थंडी पडता पडता धनवंताच्या अंगणातल्या, शेडबाहेरच्या, आपल्या म्हणायच्या म्हणून राहिलेल्या कोंबड्या मलूल झाल्या. पिसं फुलवून भिंतीला लागून बसू लागल्या. मडक्यातली दवाई तिनं काढली नाही. तिच्या लेखी ती आता नुसता पाला होती. ज्या तोंडानं नाव विकलं त्याच्या हाताला गुण कुठला? कोंबड्या जातील, हे तिनं धरलंच होतं. जाव्यात, असंही कुठंतरी वाटत होतं. मग निदान रुख्मा खरी ठरली असती.

दिव्याला ते पाहवेना. तिनं नीलेशकडून शेडचा उरलेला पुडा आणला आणि कनकीत कालवून भिंतीपाशी ठेवला.

"खातेत का?" धनवंतानं ओट्यावरून विचारलं.

"खाऊन राहिल्या, आत्या."

खाल्लं, आणि दोन-चार दिवसांत कोंबड्या उठल्या. अंगणात चरू लागल्या, कोंबडा कौलावर चढून आरवला. झाडू खूश झाला. नीलेश म्हणाला, पाहा, तुझीच तर दवाई, पुड्यात बांधली म्हणून काय झालं. दिव्या हसली. धनवंता आत निघून गेली. नाव साऱ्या मुलखात झालं होतं, आणि गुण जागेवर होता. मग रुख्मा आयुष्यभर गप्प कशासाठी राहिली? आणि तिची सासू? एवढ्या बायकांनी एवढ्या पहाटा तोंड मिटून काढल्या, त्या कशाला? हे कुणाला विचारावं, तर ज्यांना विचारायचं त्या कधीच बोलत नव्हत्या.

दुपारी मंदाबाई वाटी घेऊन आली. "अवं धनवंता, माही काळी कोंबडी मान टाकून राहिली. चिमूटभर दवाई दे ना."

इतकी वर्षं मंदाबाई अशीच यायची. वाटी पुढे करायची, नाव विचारायची नाही, धनवंता सांगायची नाही, आणि दोघी मग तासभर इतर साऱ्या गावाची नावं घेत बसायच्या.

"उमेंद्रच्या दुकानात भेटते," धनवंता म्हणाली.

"तेथी जाऊन का म्हनू? का नाव तिचं?"

धनवंतानं नाव सांगितलं. अंगणातून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. या वेळी आवाज अडला नाही. मंदाबाईनं रिकामी वाटी पदराखाली घेतली, आणि ती न बसताच गेली.